एकाच माउस सेन्सरवरून यंत्र किती अंश वळलं ते कळेल का?

प्रश्न
नमस्कार मंडळी. दोन चाकांचा छोटा रोबो केलाय. पोटाखाली पेन आणि त्याला लागून एडीएनएस-३०८० हा माउसचा सेन्सर. चौकोन काढायला लावला की शेवटची रेघ पहिलीला मिळतच नाही. काल पट्टी लावून बघितलं, ९ मिमी फट. सेन्सर आडवं-उभं सरकणं तेवढं सांगतो, वळणं सांगत नाही. म्हणून त्याच्या ३० × ३० पिक्सेलच्या फ्रेम, म्हणजे कागदाची छोटी चित्रं, काढल्या, ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीत ५ अंशांपर्यंत फिरवल्या आणि मूळ-फिरवलेली अशा जोड्यांवर छोटं न्यूरल नेटवर्क शिकवलं. लॅपटॉपवर उत्तरं चोख, खऱ्या कागदावर काहीच्या काही. तीन रविवार गेले. कुठे चुकतंय?

उत्तर १
मला जोड्यांचाच संशय येतो. चित्र फिरवलं की इंटरपोलेशनमुळे, म्हणजे मधल्या पिक्सेलच्या किमती शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरल्यामुळे, ते जागोजागी पुसट होतं आणि ती पुसट नक्षी कोनागणिक बदलते. नेटवर्क बहुधा तीच वाचतंय. दोन्ही फ्रेम सारख्याच ३ अंशांनी फिरवून द्या. उत्तर शून्य यायला हवं.
दुसरं म्हणजे प्रकाश. एलईडी तिरका असतो आणि सेन्सरबरोबरच वळतो. तुम्ही चित्र फिरवता तेव्हा कागदाच्या तंतूंच्या सावल्याही फिरतात. टेबलावर त्या एलईडीच्याच दिशेने पडतात. खऱ्या जोड्या हव्यातच: सेन्सर पक्का धरा, खाली कागद फिरवा, कोन कोनमापकावर वाचा.

उत्तर २
आधी हिशोब करा. मधल्यापासून कडेपर्यंत १५ पिक्सेल, म्हणजे १ अंशाला कडेचा पिक्सेल जेमतेम ०.२६ पिक्सेल हलतो. सेकंदाला ६४०० फ्रेम आणि ९० अंशांचं वळण धरलं, तर लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये ०.००४ पिक्सेलसुद्धा नाही. त्यात कुठलंच नेटवर्क काही शोधू शकणार नाही. शिवाय या चिपवर फ्रेम काढायला गेलं की तेवढ्यात तिचं सरकणं मोजणं थांबतं.
त्यापेक्षा ६० मिमी अंतरावर दुसरा सेन्सर लावा. १ अंश वळलं की दोघांच्या मोजणीत सुमारे १ मिमीचा फरक पडतो, १६०० सीपीआयला (इंचाला १६०० काउंट, म्हणजे सेन्सरच्या मोजणीची पावलं) ६६ काउंट. फरक भागिले अंतर, झाला कोन (रेडियनमध्ये). मी असंच वापरतो.

प्रश्नकर्ता
दोघांचे मनापासून आभार. दोन्ही फ्रेम ३ अंशांनी फिरवून दिल्या, नेटवर्क म्हणालं २.८! म्हणजे पुसटपणाच शिकलं होतं. दुसरा सेन्सर मागवलाय. पण कागद फिरवून खऱ्या जोड्याही काढणार आहे, कारण पेनच्या बाजूला ६० मिमी जागा करायची तर सगळी चेसिस नव्याने कापावी लागेल.