आयटीआयच्या शेवटच्या वर्षातील मुलांना कामगार कायदा शिकवताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न — शिल्प निदेशक, फिटर व्यवसाय

आमच्या संस्थेत फिटर आणि इलेक्ट्रिशियन या व्यवसायांच्या दुसऱ्या वर्षासाठी 'एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स' या विषयाचे तास यंदा माझ्याकडे आले असून त्यात कामगार कायद्यांचाही भाग आहे. आजवर हा भाग कायद्याचे नाव, वर्ष आणि दोन ओळींचा उद्देश अशा स्वरूपात लिहून दिला जात असे आणि परीक्षेपुरते ते चालूनही जात असे. मात्र 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू होऊन 29 केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेल्यामुळे ती टिपणे आता जशीच्या तशी देता येत नाहीत.

खरी अडचण मात्र निराळी आहे. आमची बहुतेक मुले वाळूज आणि शेंद्रा येथील कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून किंवा कंत्राटदारामार्फत लागतात आणि ती जे विचारतात ते टिपणांत कोठेच नसते. ओटी म्हणजे जादा वेळच्या कामाचे पैसे सिंगल दराने का मिळतात, मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याचा कंपनीला अधिकार आहे का, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) मोडला तर पोलीस घरी येतात का, असे ते प्रश्न असतात. हक्कांविषयी फार बोलल्यास कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या नाराज होतील, अशी शंका एका सहकाऱ्याने बोलून दाखवली आहे. हा विषय कोणत्या क्रमाने शिकवावा आणि जुन्या कायद्यांचे काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर — कामगार न्यायालयात वकिली करणारा सदस्य

कायद्यांच्या नावांपासून नव्हे, तर 'मी कोण आहे आणि माझा मालक कोण आहे' या प्रश्नापासून सुरुवात करावी, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून असते. एकाच लाइनवर, एकाच रंगाचा गणवेश घालून उभ्या असलेल्या चार मुलांपैकी एक शिकाऊ उमेदवार, दुसरा कंत्राटदाराचा कामगार, तिसरा ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरचा आणि चौथा कायम कामगार असू शकतो. काम तेच असले तरी चौघांचे कायदेशीर स्थान वेगवेगळे असते.

शिकाऊ उमेदवाराबाबत विशेष काळजी घ्यावी. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमानुसार तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. त्यामुळे त्याला वेतन नव्हे तर विद्यावेतन मिळते आणि बोनस वा ग्रॅच्युइटी त्याला लागू होत नाही. हे ऐकून मुले हिरमुसतात. परंतु त्याच कायद्यात असेही म्हटले आहे की शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीखेरीज त्याच्याकडून जादा वेळ काम करून घेता येत नाही आणि प्रशिक्षणादरम्यान अपघात झाल्यास भरपाई द्यावी लागते. तेव्हा त्याच्या बाबतीत 'ओटी सिंगल का' हा प्रश्नच चुकीच्या जागी पडतो; मंजुरी नसताना ओटी मुळात लावलीच कशी, हे विचारायला हवे. अर्थात, हे सारे नोंदणीकृत करार असलेल्या उमेदवाराला लागू आहे. नियुक्तिपत्रावर नुसता 'ट्रेनी' असा शब्द छापला म्हणून कोणी शिकाऊ उमेदवार होत नाही, आणि फसवणूक बहुतेक वेळा नेमकी येथेच होते.

कंत्राटदाराकडच्या मुलांना एवढे तरी ठाऊक असावे की कंत्राटदाराने वेतन थकवले तर मुख्य मालकाला हात झटकता येत नाहीत. ही तरतूद जुन्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितेतही ती आहे. जुन्या-नव्याचा आपला दुसरा प्रश्नही बराचसा याच वाटेने सुटतो. तत्त्व संहितेच्या नावाने शिकवावे आणि जुन्या कायद्याचे नाव ओळखीपुरते सांगावे. संक्रमणाच्या काळात जुने नियम आणि अधिसूचना, संहितेशी विसंगत नसतील तेथवर, चालू राहणार असल्याने कार्यालयांत जुनी नावे आणखी काही काळ कानावर पडतच राहतील.

उत्तर — उच्च माध्यमिक स्तरावरील व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षिका

वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र वर्गात मी पगारचिठ्ठीपासून सुरुवात करते. नाव खोडलेली एक खरी पगारचिठ्ठी फळ्यावर उतरवून प्रत्येक रकान्यासमोर 'हे कोणत्या कायद्याने आले' असे विचारले की अर्धा अभ्यासक्रम त्यातच उलगडतो.

उदाहरणापुरते मूळ वेतन आणि विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा) मिळून 14,560 रुपये धरू. 26 दिवस आणि 8 तासांनी भागले की तासाचा दर 70 रुपये येतो. जादा कामाला दुप्पट दर द्यावा लागत असल्याने ओटीचा तास 140 रुपयांचा झाला. चिठ्ठीत 10 तासांचे 700 रुपये दिसले तर निम्मे पैसे कोठे गेले, हे मुले स्वतःच सांगतात. भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,747 रुपये. तेवढीच भर मालकाने घालायची असते, हे ऐकल्यावर मालकाचा वाटाही आपल्याच वेतनातून वळता केल्याची तक्रार दरवर्षी कोणाच्या तरी मोठ्या भावाकडून आलेली असते. कर्मचारी राज्य विम्याची कपात 0.75 टक्के असते आणि मालकाचा वाटा 3.25 टक्के. व्यवसाय कराच्या रकान्यापाशी वर्गात नेहमी गलका होतो: महाराष्ट्रात महिना 10,000 रुपयांवर वेतन असलेल्या मुलाचे 200 रुपये कापले जातात, फेब्रुवारीत 300, महिलांना मात्र 25,000 रुपयांपर्यंत हा कर नाही.

विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, हेही येथेच सांगून टाकावे, म्हणजे जानेवारीत आणि जुलैत चिठ्ठी पुन्हा पाहण्याची सवय लागते. मुलींच्या वर्गात लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यासाठी निराळा तास ठेवावा; दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे, हे मुलांनाही कळले पाहिजे. आणि जमल्यास कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासाठी दहा मिनिटे काढावीत. रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 मध्ये झगडून मिळाली, हे मुलांना माहीतच नसते. ती सुट्टी पंचांगातूनच आली, अशीच त्यांची समजूत असते.

उत्तर — एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात काम करणारा सदस्य

कंपन्या नाराज होतील ही भीती मला अनाठायी वाटते. पगारचिठ्ठी वाचता येणारा मुलगा आम्हाला परवडतो. न समजता सही करून दोन महिन्यांत न सांगता निघून जाणारा परवडत नाही. नाराज होणारी एखादी कंपनी असेलच, तर ती कॅम्पसला न आलेलीच बरी.

बाँडच्या बाबतीत मात्र मुलांना अर्धवट दिलासा देऊ नये. 'बाँडला काही किंमत नसते' असे सर्रास सांगितले जाते आणि ते बरोबर नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तेथे सार्वजनिक क्षेत्रातील बँकेचा भरतीप्रक्रियेवर होणारा खर्च विचारात घेतला गेला होता, त्यामुळे प्रत्येक कारखान्याचा बाँड आपोआप ग्राह्य ठरेल असे मुळीच नाही; रक्कम वाजवी आहे का, हा प्रश्न 1872 च्या करार अधिनियमानुसार उरतोच. पण बाँड मोडणे ही दिवाणी बाब आहे, त्यासाठी पोलीस येत नाहीत आणि कोणतेही न्यायालय एखाद्याला मनाविरुद्ध नोकरीत राहायला लावत नाही, एवढे ठामपणे सांगता येईल.

मूळ गुणपत्रिकांविषयी थोडक्यात: मूळ प्रती दाखवाव्यात, साक्षांकित प्रती द्याव्यात आणि मूळ प्रती घेऊन घरी यावे. पडताळणीसाठी त्या ठेवून घेण्याची गरज नसते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पगारचिठ्ठीचा तास पुढच्याच आठवड्यात घेतो. फक्त एक गोष्ट राहिली. हिशेब चुकला आहे हे मुलाला कळले, तर त्याने नोकरी न गमावता जायचे कोठे? हे सांगितल्याशिवाय बाकीचे शिकवणे मला अपुरे वाटते.

उत्तर — कामगार विभागातून निवृत्त झालेला सदस्य

शिकाऊ उमेदवार असेल तर आपल्या जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात (शिकाऊ उमेदवारांच्या मूलभूत प्रशिक्षणाचे सरकारी केंद्र) जावे, कारण करारासंबंधीचा वाद शिकाऊ उमेदवारी सल्लागारापुढेच जातो. कामगार असेल तर जिल्ह्याचे कामगार आयुक्तालयाचे कार्यालय गाठून सरकारी कामगार अधिकाऱ्यांना भेटावे. वेतन संहितेनुसार थकीत वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला जेमतेम सहा महिने मिळत. त्या मानाने ही मोठी सवलत आहे. नोकरीत असताना तक्रार करण्याचे धैर्य थोड्यांनाच होते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. म्हणूनच नोकरी सोडल्यानंतरही दावा शिल्लक राहतो, हे मुलांना आवर्जून सांगावे. राजीनामा दिल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करण्याची तरतूदही त्याच संहितेत आहे.

कार्यालयात आलेला मुलगा अडतो तो पुराव्यापाशी. 'साहेब, मी तिथे होतो' एवढेच तो सांगू शकतो. गेट पास कंपनीने काढून घेतलेला, हजेरीचे रजिस्टर कंत्राटदाराकडे आणि वेतन रोखीने दिलेले. म्हणून पहिल्या दिवसापासून नियुक्तिपत्राचा आणि गेट पासचा फोटो, बँकेतील जमा नोंदी, सुपरवायझरने शिफ्टविषयी पाठवलेले संदेश आणि स्वतः रोज लिहिलेली आत-बाहेरची वेळ जपून ठेवायला शिकवावे. पगारचिठ्ठीच्या तासालाच एक खिशात मावणारी वही देऊन तारीख, शिफ्ट, आत, बाहेर आणि ओटी असे पाच रकाने मुलांकडून आखून घ्यावेत.