मदत हवी आहे: आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोणते बोन सिमेंट घ्यावे?

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझी आई ७६ वर्षांची आहे. काल पहाटे गोठ्याकडे जाताना ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला, आणि तेव्हापासून तिला उजवा पाय उचलता येत नाही. पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत होता. गावात सर्वांनी ‘खुबा सरकला’ असे सांगून हाड बसवणाऱ्याकडे नेण्याचा आग्रह धरला, पण आम्ही तिला थेट यवतमाळला आणले. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाची मान सांध्याच्या आवरणाच्या आतच मोडल्याचे दिसले. या वयात ती जुळण्याचा भरवसा नाही, म्हणून खुब्याची वाटी तशीच ठेवून केवळ गोळा बदलायचा आणि त्याचा दांडा सिमेंटने बसवायचा, असे डॉक्टरांनी ठरवले आहे. शस्त्रक्रिया परवा सकाळी आहे.

आईला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील आकडा) १.५ आहे आणि हिमोग्लोबिन ९.२ आहे. खर्चाच्या अंदाजपत्रकात सिमेंटचे तीन पर्याय लिहून दिले आहेत: साधे, एका प्रतिजैविकाचे आणि दोन प्रतिजैविकांचे. तिसऱ्याची किंमत बरीच जास्त आहे. कापूस अजून घरातच पडून आहे, त्यामुळे जास्तीचे पैसे उसनेच आणावे लागतील; तरीही आईला खरोखर उपयोग होणार असेल तर मी ते आणीन.

काल रात्रभर जागून मी जे वाचले, ते येथे मांडते. चुकले असल्यास कृपया दुरुस्त करावे. हे सिमेंट म्हणजे पॉलीमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक. भुकटी आणि द्रव एकत्र कालवले की काही मिनिटांत ते तापते आणि घट्ट होते. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६० च्या आसपास खुब्याच्या सांध्यासाठी ते रूढ केले. ते डिंकासारखे चिकटवत नाही; गवंडी दगडांमधल्या फटी भरतो, तसे ते दांडा आणि हाड यांच्यामधली जागा भरून काढते आणि भार सगळीकडे सारखा वाटते. म्हाताऱ्या माणसाचे हाड आतून पोकळ आणि ठिसूळ झालेले असल्यामुळे हा आधार महत्त्वाचा ठरतो. ब्रिटनमध्ये अशाच अस्थिभंगाच्या १,२२५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दांड्याभोवतीचे हाड पुन्हा मोडण्याचे प्रमाण सिमेंट असलेल्यांत ०.५ टक्के, तर सिमेंट नसलेल्यांत २.१ टक्के आढळले. त्यामुळे ‘सिमेंट नकोच’ हा माझ्या मामांचा आग्रह मी बाजूला ठेवला आहे.

माझा प्रश्न प्रतिजैविकाचा आहे. ब्रिटनमध्येच २०२३ साली ४,९२० रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष आला. त्यात एका प्रतिजैविकाचे सिमेंट वापरलेल्यांपैकी १.७ टक्के आणि दोन प्रतिजैविकांचे, जास्त मात्रेचे सिमेंट वापरलेल्यांपैकी १.२ टक्के रुग्णांना खोलवर जंतुसंसर्ग झाला. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निश्चित मानण्याइतका नव्हता. मग मधुमेह असलेल्या माझ्या आईसाठी तो फरक मोलाचा मानावा का? आणि सिमेंटमध्ये घालतात ते जेंटामायसिन हे प्रतिजैविक मूत्रपिंडावर ताण आणते असे वाचले, तर १.५ क्रिएटिनिन असताना ते हाडात ठेवणे धोक्याचे आहे का? यापूर्वी घरातील कोणावर ही शस्त्रक्रिया झालेली असल्यास किंवा या क्षेत्रात काम केलेले कोणी असल्यास कृपया लिहावे. माझ्या हातात फक्त उद्याचा दिवस आहे.

प्रतिसाद

ताई, मी वर्धा जिल्ह्यात अनेक वर्षे शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञांचा सहायक म्हणून काम केले आहे. निर्णय आपल्या डॉक्टरांचाच राहील, पण मला जे दिसले ते सांगतो. साधे सिमेंट या तुलनेतून काढून टाकावे, कारण मधुमेह असताना प्रतिजैविक असणे बरे. जेंटामायसिनच्या प्रचलित पाकिटात ४० ग्रॅम भुकटीमागे साधारण अर्धा ते एक ग्रॅम औषध असते, ते मुख्यतः सांध्यापाशीच झिरपते आणि रक्तात फारच थोडे उतरते. तरीही क्रिएटिनिनचा आकडा शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही स्वतः सांगा, कारण शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांची मात्रा त्यावरून ठरते. दुसऱ्या औषधासाठी कर्ज काढावे असे मला वाटत नाही.

आपण ज्याविषयी विचारले नाही, त्याची मला अधिक काळजी वाटते. सिमेंट दाबून भरताना मज्जेतील चरबी आणि हवा शिरांवाटे फुप्फुसांत जाऊ शकते, तेव्हा रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू एकाएकी उतरतो. वृद्ध आणि रक्त कमी असलेल्या रुग्णांत हा धोका जास्त असतो, म्हणून हिमोग्लोबिन ९.२ असताना रक्ताची सोय आधीच करून ठेवलेली असावी. हाडाची पोकळी सलाइनच्या जोरदार धारेने धुऊन कोरडी करतात का, खाली बूच बसवून सिमेंट गनने खालून वर भरतात का, आणि भरण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना मोठ्याने सूचना देतात का, हे नम्रपणे विचारा. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करावा लागतो. बहुतेक पाकिटांवर २५ अंशांच्या आत ठेवण्याची सूचना असते, आणि खोली जितकी गरम तितके सिमेंट लवकर घट्ट होते. दांडा नीट बसण्याआधीच ते आवळले तर दुरुस्तीला वाव राहत नाही. पाकीट बाहेरच्या दुकानातून आणायला सांगितले, तर ते दुपारी गाडीत ठेवू नका. स्वस्त पडते म्हणून साध्या सिमेंटमध्ये हाताने औषधाची भुकटी मिसळण्याचा प्रस्ताव आला, तर नेमके किती मिसळणार ते विचारा, कारण प्रमाण वाढले की सिमेंटची ताकद घटते. नवे म्हणून कोणतेही सिमेंट घेऊ नका. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बोनलॉक नावाचे सिमेंट कमी तापते म्हणून युरोपात विकले गेले, आणि थोड्याच वर्षांत सांधे सैल होऊ लागल्यामुळे ते मागे घ्यावे लागले. पॅलाकोस किंवा सिम्प्लेक्स यांसारखी सिमेंटे दशकानुदशके वापरात आहेत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दादा, आपले मनापासून आभार. आज दुपारी डॉक्टरांशी सविस्तर बोलणे झाले. एकाच प्रतिजैविकाचे, दाट प्रकारचे सिमेंट ठरले आहे आणि ते रुग्णालयाच्याच वातानुकूलित साठ्यातील आहे. पोकळी धुण्याचे यंत्र आणि गन दोन्ही आहेत. भूलतज्ज्ञांनी क्रिएटिनिन पाहून शिरेतून द्यायचे एक औषध बदलले आणि रक्ताची एक पिशवी आज रात्रीच चढवणार आहेत. मामांना मी त्यांच्यासमोर बसवले. सिमेंटने रक्तदाब उतरतो ही त्यांची भीती खोटी नव्हती, हे भूलतज्ज्ञांनीही मान्य केले आणि त्यावर काय तयारी आहे ते समजावून सांगितले. पाकिटावरील आणि दांड्यावरील चिकटपट्ट्या आईच्या फाइलमध्ये लावून मिळाव्यात, अशी विनंती मी परिचारिकांकडे लेखी दिली आहे. उद्या सकाळी आठ वाजता आईला आत नेतील.