मदत हवी आहे: प्लेसमेंट इयर, पण काम फक्त स्लाइड्सचं

नमस्कार मंडळी, मी यूकेत कॉम्प्युटर सायन्स करतोय, सेकंड इयर झालं आणि आता फायनलच्या आधीचं प्लेसमेंट इयर, म्हणजे कोर्समध्येच वर्षभर कंपनीत काम, रेडिंगला एका मोठ्या कंपनीत. चार महिने झाले, कोडिंग शून्य, नुसत्या मॅनेजरच्या स्लाइड्स. माणूस चांगलाय हो, पण त्याला नावाने हाक मारायलाच मला अजून जड जातं तर काम कुठून मागणार! स्टुडंट व्हिसावर फुल टाइम चालतं ते प्लेसमेंट कोर्सचा भाग आहे म्हणूनच, त्यामुळे सोडून दुसरीकडे जाणंही सोपं नाही. शेवटी युनिव्हर्सिटीला रिपोर्ट द्यायचाय, त्यात काय लिहू, फॉन्ट बदलले? आधी मॅनेजरशी बोलू की युनिव्हर्सिटीतल्या ट्यूटरला मेल टाकू, की ती चुगली वाटेल? कोणी यातून गेलंय का?