आई-वडिलांच्या हजची तयारी: चालण्याचा सराव, शुगरची औषधे आणि उन्हाळा

प्रश्न: सेलूकर (जि. परभणी)

अस्सलामु अलैकुम. यंदाच्या सोडतीत माझ्या अम्मी-अब्बांचे नाव लागले असून पुढच्या हप्त्यांची जुळवाजुळव सुरू आहे. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय 66, प्रकृती उत्तम. अम्मीचे वय 61 असून तिला बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे, गुडघे दुखतात आणि अलीकडे तळपायांना मुंग्या येतात. मी स्वतः सोबत जाऊ शकणार नाही. हजचे अरकान (विधी) आणि मसाइल (नियम) आमच्या मशिदीचे मौलाना दर जुम्याला समजावून सांगत आहेत, त्यामुळे त्याविषयी माझी शंका नाही. मला विचारायचे आहे ते शरीराच्या तयारीविषयी. चालण्याचा सराव किती आधीपासून आणि कसा करावा? अम्मीची औषधे कशी न्यावीत? येथे बहुतेक मंडळी म्हणतात, की आपण परभणीच्या 43 अंशांत वाढलेली माणसे आहोत, मक्केच्या उन्हाचे आपल्याला काय कौतुक. हे कितपत खरे आहे?

उत्तर: खिदमतगार, नांदेड

व अलैकुम अस्सलाम. हजला निघणाऱ्या वयस्कर मंडळींच्या तरबियतीच्या (प्रशिक्षणाच्या) कामात मी दरवर्षी मदत करतो, त्या अनुभवावरून लिहितो.

चालणे कोठे कोठे पडते हे आधी अब्बांना कागदावर काढून दाखवा, म्हणजे सराव कशासाठी करायचा ते त्यांना पटेल. आपल्याकडचे बहुतेक लोक तमत्तु हज करतात, म्हणजे पोहोचल्यावर प्रथम उमरा (छोटी यात्रा) होतो, इहराम (यात्रेचा पोशाख आणि बंधने) उतरतो आणि 8 जिलहिज्जेला (हजच्या महिन्याच्या 8 तारखेला) हजसाठी पुन्हा इहराम बांधला जातो. उमऱ्यात काब्याभोवती तवाफचे (प्रदक्षिणेचे) 7 फेरे आणि सफा-मरवा या टेकड्यांच्या मधील सईचे 7 फेरे असतात. सईचा एक फेरा सुमारे साडेचारशे मीटरचा असल्याने केवळ सईतच तीन किलोमीटरहून अधिक अंतर होते, आणि तेही संगमरवराच्या कठीण फरशीवर. तवाफ काब्याच्या जवळून झाला तर अंतर थोडे, परंतु गर्दीमुळे वरच्या मजल्यावर जावे लागले तर तेच अंतर कितीतरी पटींनी वाढते. त्यानंतर 9 तारखेला अरफातचे मैदान, रात्री मुजदलिफ्यात उघड्यावर मुक्काम, 10 तारखेला मोठ्या जमऱ्याची रमी (सैतानाच्या खांबाला खडे मारणे), मग कुर्बानी, हलक (मुंडण) आणि तवाफ-ए-जियारत (हजचा फर्ज तवाफ), त्यात पुन्हा सई. 11 आणि 12 तारखेला तिन्ही जमरातची रमी. मिना (हजच्या दिवसांतील तंबूंचा मुक्काम) ते अरफात बस किंवा मेट्रो मिळते, परंतु मुजदलिफ्याहून मिनाकडे येताना वाहने तासन्‌तास अडकून पडतात आणि मग लोक पायीच निघतात. मिनातील तंबू जमरातपासून किती दूर मिळेल हे कोणाच्याही हातात नसते. दूर मिळाला तर रमीसाठी रोज काही किलोमीटर जाणे आणि तेवढेच परत येणे धरून चालावे.

सरावाला आजपासूनच सुरुवात करा. फजरच्या नमाजनंतर दोघांनी मिळून निघावे, सुरुवातीला जेवढे सहज जमेल तेवढेच चालावे आणि दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. शेताच्या मऊ वाटेवर चालण्यापेक्षा डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर चालणे चांगले, कारण मक्केत पायाखाली अशी मऊ माती मिळणार नाही. तेथे जी चप्पल घालायची तीच आतापासून पायात हवी; निघण्याच्या आदल्या दिवशी आणलेली नवी चप्पल पहिल्याच तवाफनंतर पायाला फोड आणते. अब्बांच्या चपलेत इहरामच्या स्थितीत पायाच्या वरचे उंच हाड आणि घोटे उघडे राहिले पाहिजेत, एवढे पाहून घ्या. अम्मीला ही अट नाही, ती मोजे आणि बंद बूटही घालू शकते. इहरामच्या दोन चादरी अब्बांनी घरातच नेसून काही वेळ चालून पाहावे. मांड्या घासून सोलवटतात, ही तक्रार पुरुषांत इतकी सर्रास असते की बिनवासाचे व्हॅसलीन मी औषधांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर लिहितो. सुगंधी मात्र चालत नाही.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतो. मक्केत पोहोचल्यावर हजचे दिवस सुरू होण्यापूर्वी बऱ्याच जणांच्या हाती दोन-तीन आठवडे असतात. या काळात आपले लोक हरमच्या हद्दीबाहेरील मस्जिद-ए-आयेशाला जाऊन इहराम बांधतात आणि नफील (ऐच्छिक) उमऱ्यांवर उमरे करतात: एक वालिदसाठी, एक दादांसाठी, एक सासूबाईंसाठी. भावना अत्यंत चांगली आहे, तिला नाव ठेवण्याचे कारण नाही. परंतु साठीच्या पुढील माणूस अशाने 8 तारीख उजाडण्यापूर्वीच थकून जातो, घसा बसतो, ताप येतो, आणि ज्या पाच दिवसांसाठी आयुष्यभराची पुंजी लावली त्या दिवसांत तो मिनाच्या तंबूत अंथरुणाला खिळतो. शरीरात जी ताकद आहे ती फर्जसाठी (बंधनकारक विधींसाठी) राखून ठेवावी. मक्केच्या अजीजिया भागात मुक्काम असेल तर हरमकडे (काब्याच्या मशिदीकडे) जाणाऱ्या बस हजच्या आधीचे काही दिवस बंद होतात. ते दिवस तर इमारतीजवळच्या मशिदीत नमाज पढून विश्रांतीतच घालवावेत.

एक छोटी गोष्ट राहिली. इमारतीवरचे, बसवरचे आणि तंबूंच्या रस्त्यावरचे आकडे अनेकदा अरबी असतात, आणि अरबीतील पाच आपल्या शून्यासारखा दिसतो. अब्बांना उर्दू वाचता येत असेल तर अडचण नाही, परंतु अम्मी मराठी शाळेत शिकली असेल तर तिच्याकडून हे दहा आकडे पाठ करून घ्या. मिनातील तंबू एकसारखे पांढरे असतात आणि वाट चुकलेले लोक स्वतःच्या तंबूसमोरून दोन-दोन वेळा पुढे निघून जातात.

उत्तर: परिचारिका, लातूर

वरील उत्तरातील बहुतेक गोष्टी योग्य आहेत. चालण्याच्या सरावाबाबत मात्र मला एक भर घालावीशी वाटते. अम्मींच्या तळपायांना मुंग्या येतात असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून त्यांच्या पायांची संवेदना तपासून घेणे आवश्यक आहे. शुगरमुळे पाय बधिर झालेल्या माणसाला खडा टोचलेला किंवा फरशीचा चटका बसलेला कळत नाही, आणि चार दिवसांनी जखम चिघळल्यावरच लक्षात येते. मताफची (काब्याभोवतीच्या तवाफच्या अंगणाची) पांढरी फरशी उन्हातही बरीच थंड राहते, परंतु बाहेरचे रस्ते आणि पायऱ्या तशा नसतात. हरमच्या दारात ठेवलेली चप्पल परत न मिळाल्याने अनवाणी चालत गेलेल्या लोकांचे तळवे भाजतात. त्यासाठी चपलेची पिशवी कायम खांद्याला असावी, अम्मींनी तवाफमध्ये जाड सुती मोजे घालावेत आणि रोज रात्री अब्बांनी त्यांचे तळवे उजेडात पाहावेत.

उन्हाविषयी जे लोक सांगतात ते अर्धे खरे आहे. आपल्याकडे 43 अंश असतात हे मान्य, परंतु त्या वेळी आपण काय करतो? सकाळी अकराच्या आत कामे आटोपतो, दार लोटून कूलरसमोर पडतो आणि उन्हे उतरल्यावरच बाहेर निघतो. शेतमजुरांचे सोडले तर आपल्यापैकी फार थोड्यांना भर दुपारी चालण्याची सवय आहे. 2024 च्या हजमध्ये मक्केतील पारा 51 अंशांच्या वर गेला होता आणि तेराशेहून अधिक लोक दगावले. त्यांतील बहुसंख्य विनापरवाना गेलेले होते, त्यांना ना थंड तंबू होता ना वाहन. हज दरवर्षी इंग्रजी तारखेने दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे आता तो मे महिन्याकडे सरकला आहे. तरीही तेथे मे महिन्यात चाळिशीच्या वरच तापमान असते. छत्री न्यावीच. इहराममध्ये पुरुषांना डोके झाकता येत नाही, परंतु डोक्याला न टेकणारी छत्री चालते. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. लघवीला वारंवार जावे लागेल म्हणून आपल्या बायका पाणी कमी पितात, ही सवय तेथे घातक ठरते.

औषधांचे सांगते. संपूर्ण प्रवासाला पुरून काही दिवसांची शिल्लक राहील एवढ्या गोळ्या न्याव्यात, त्या मूळ पाकिटातच असाव्यात आणि डॉक्टरांची इंग्रजीतील चिठ्ठी सोबत असावी. निम्म्या गोळ्या हातातील सामानात आणि निम्म्या बॅगेत ठेवल्या तर एक बॅग मागे राहिली तरी अडत नाही. इन्सुलिन असेल तर ते नेहमी हातातील सामानातच हवे. मुंग्यांसाठी आपल्याकडे प्रीगॅबालिन नावाची गोळी सर्रास दिली जाते. ती सौदी अरेबियात नियंत्रित औषधांत मोडते. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि झोपेच्या गोळ्या यांचेही तसेच आहे. अम्मींच्या चिठ्ठीत यांपैकी काही असेल तर आताच डॉक्टरांशी बोला आणि दुसरा पर्याय बसवून घ्या, म्हणजे निघेपर्यंत तो लागू पडतो की नाही हे कळेल. लघवीवाटे साखर किंवा पाणी बाहेर टाकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कडक उन्हाच्या दिवसांत त्यांचे प्रमाण काय ठेवावे हेही विचारून घ्या. रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त चालणे झाल्याने साखर एकदम खाली येते, त्यामुळे कमरेच्या पिशवीत खजूर किंवा साखरेच्या पुड्या असू द्याव्यात, आणि घाम फुटून हातपाय थरथरू लागले तर त्या लगेच तोंडात घालायच्या हे अब्बांनाही सांगून ठेवा.

मेंदूज्वराची लस बंधनकारक असून ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. भारतातून जाणाऱ्यांना पोलिओचे थेंबही दिले जातात. जिल्ह्याच्या ठिकाणी यासाठी शिबिर होते. फ्लूची लस या वयात अवश्य घ्यावी, कारण मिनातून खोकला न घेता परतणारा माणूस विरळा.

उत्तर: अंबाजोगाईकर

सामानाबाबत एकच सूचना. खसखस सौदी अरेबियात अमली पदार्थात धरली जाते, आणि ती आपल्या काळ्या मसाल्यात व लाडवांत असते. घरचा मसाला न्यायचा असेल तर खसखस न घालता वेगळा कुटून घ्या. तंबाखू, गुटखा यांचेही नाव नको. मिनात स्वयंपाक करता येत नाही. 1997 मध्ये तेथे तंबूंना मोठी आग लागून शेकडो हाजी मृत्युमुखी पडले होते, तेव्हापासून तंबूही न पेटणाऱ्या कापडाचे आले. त्या दिवसांसाठी भाजलेले चणे, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या पुरेशा होतात. येताना प्रत्येक हाजीला पाच लिटर जमजम मिळते, त्यामुळे बॅगेत बाटल्या कोंबू नयेत.

सेलूकर

सर्वांचे मनापासून आभार. अम्मीच्या चिठ्ठीत ती मुंग्यांची गोळी खरोखरच आहे, उद्याच डॉक्टरांकडे जातो. आणखी दोन शंका आहेत. व्हीलचेअरचा विषय काढला की अब्बा नाराज होतात, त्यांच्या मते पायी केल्याशिवाय हजचे समाधान नाही. दुसरे असे, की माझे चुलते म्हणतात, ते भेटीच्या व्हिसावर महिनाभर आधी जातील आणि तेथे अम्मी-अब्बांच्या मदतीला राहतील. एका एजंटने त्यांना तशी खात्री दिली आहे.

खिदमतगार, नांदेड

चुलत्यांना कृपया थांबवा. भेटीच्या व्हिसावर हज करता येत नाही. 2025 मध्ये विनापरवाना हज करणाऱ्यास वीस हजार रियालपर्यंत दंड जाहीर झाला होता, शिवाय देशाबाहेर काढून दहा वर्षे प्रवेशबंदी. हजच्या दिवसांत मक्केच्या वाटेवर नाकी असतात आणि परवान्याचे नुसुक कार्ड नसलेल्या माणसाला मिनाच्या तंबूत जागा नसते, तेव्हा ते मदत करणार तरी कोठे राहून? अशी खात्री देणाऱ्या एजंटला पैसे देण्यापेक्षा त्याच रकमेत तुमच्या अम्मींची सई चार वेळा व्हीलचेअरवर होईल.

व्हीलचेअरबाबत मात्र माझे मत अब्बांच्या बाजूला थोडे झुकते. सुरुवातीपासून माणूस खुर्चीत बसला की उरलेली उमेदही जाते. पहिला उमरा सावकाश, मध्ये बसत बसत, पायी करून पाहावा.

परिचारिका, लातूर

येथे मी सहमत नाही. उमेद अब्बांची जाईल, पाय अम्मींचे जातील. पहिला उमरा हा प्रवास, जागरण आणि बदललेल्या जेवणानंतर लगेचच होतो, त्यामुळे तो चाचणीसाठी सर्वांत वाईट दिवस आहे. अम्मींनी तवाफ पायी करावा आणि सईसाठी खुर्ची घ्यावी, असा मधला मार्ग मी सुचवीन. व्हीलचेअरसाठी वेगळी वाट असते आणि उजर (शारीरिक अडचण) असलेल्या माणसाची सई खुर्चीवर पूर्ण होते, हे मौलानांनी अब्बांना एकदा सांगितले की नाराजी राहणार नाही. खुर्ची ढकलणारा माणूस अधिकृत गणवेशातीलच घ्यावा आणि भाव आधी विचारावा.

मौलानांना आणखी तीन गोष्टी आताच विचारून ठेवा: अशक्त स्त्रीने मुजदलिफ्याहून रात्रीच निघाले तर काय, रमी रात्री गर्दी ओसरल्यावर केली तर चालते का, आणि अम्मींच्या वतीने अब्बांनी खडे मारणे कोणत्या स्थितीत जायज ठरते. हनफी उलेमा केवळ गर्दीला सबब मानत नाहीत, त्यामुळे ही उत्तरे घरून स्पष्ट करून नेलेली बरी. तेथे तंबूत दहा माणसे दहा मसले (नियम) सांगतात आणि घाबरलेले लोक भर उन्हात जमरातकडे निघतात. मिळालेली उत्तरे एका कागदावर लिहून अब्बांच्या पासपोर्टच्या पिशवीत ठेवा आणि त्यांची एक प्रत अम्मींजवळही द्या.