सासूबाईंचे आजोबा: किंग, रॉय की देजार्दँ?

सोनचाफा:
नमस्कार मंडळी. मी बॉस्टनजवळ राहते, नवरा इथलाच. सासूबाई आता थकल्यात. त्यांच्या माहेरची माणसं कुठून आली ते लेकीसाठी नीट लिहून ठेवायचं मनावर घेतलंय. सासूबाईंचे आजोबा कॅनडातल्या फ्रेंचभाषी क्यूबेकहून इथल्या लोवेलच्या कापडगिरणीत कामाला आले, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक.

1900 च्या सेन्ससमध्ये ते 'जोसेफ किंग' आहेत. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत 'रॉय दी देजार्दँ'. सख्ख्या भावाच्या थडग्यावर नुसतं 'देजार्दँ', आणि बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचंही नाव जोसेफच. आजींचं आडनाव मात्र चर्चच्या प्रत्येक नोंदीत 'वेलेत', नवऱ्याचं तिथे कुठेच नाही. नेमकं कोणत्या नावाने शोधू? क्यूबेकमधलं गावही माहीत नाही.

गोदाकाठ:
ताई, तिन्ही नावं एकाच घराची आहेत, तिन्हींनी शोधा.

'दी' म्हणजे 'उर्फ'. न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे क्यूबेकच्या जुन्या फ्रेंच वसाहतीत, एकाच आडनावाची इतकी घरं झाली की ओळखीसाठी दुसरं नाव जोडायचे. बरीचशी अशी नावं सैन्यातून आली. 1665 मध्ये फ्रान्सहून कॅरिन्यान-सालिएर रेजिमेंट आली, तिच्यातले सुमारे 400 सैनिक तिथेच राहिले. लाफ्लर, सांसुसी, जोलिकर ही अशीच सैनिकी नावं. त्याच रेजिमेंटमध्ये फ्रान्सच्या बरगंडीतल्या जुआन्यी गावचा आंत्वान रॉय दी देजार्दँ होता. त्याचे वंशज क्यूबेकच्या कामुरास्का भागात पसरले. पुढे एक भाऊ रॉय लावतो, दुसरा देजार्दँ, हे तिथे नेहमीचं. पण तुमचं घर त्याचंच, असं नोंद सापडेपर्यंत धरू नका. रॉय नावाची वेगळी घराणी पुष्कळ आहेत.

'किंग' अमेरिकेत झालं. साधारण 1840 ते 1930 मध्ये सुमारे 9 लाख माणसं क्यूबेक सोडून इकडे आली. त्यांच्यात फ्रेंच आडनावांची इंग्रजी भाषांतरं झाली: रॉयचं (म्हणजे राजा) किंग झालं, बुआव्हेरचं ग्रीनवुड, लब्लांचं व्हाइट.

जोसेफचं म्हणाल तर मुलाच्या बाप्तिस्म्यात जोसेफ आणि मुलीच्या मारी घालायचाच प्रघात होता. मग धर्मपित्याचं नाव, आणि शेवटचं बहुधा हाक मारायचं. भाऊ वेगळे ओळखायचे तर ते शेवटचं नाव बघा.

मिसिसागाकर:
वेलेतबाईंचं नाव हीच तुमची खरी किल्ली आहे! तिथल्या चर्चच्या नोंदीत बाई जन्मभर माहेरच्या नावाने येते, मुलांच्या लग्नात आणि स्वतःच्या दफनातही. (1981 पासून तर क्यूबेकच्या कायद्यानेच लग्नानंतर जन्माचं नाव राहतं.) आपल्याकडे पणजीचं माहेर शोधताना जी दमछाक होते, ती इथे नाही. फक्त अमेरिकन सेन्ससमध्ये ती मिसेस किंग झालेली असेल.

गाव माहीत नसलं तरी जोडप्याचं लग्न शोधा, कारण लग्नाच्या नोंदीत दोघांच्या आईवडिलांची नावं असतात. तिथून एकेक पिढी मागे जाता येतं. द्रुअँ संग्रहात चर्चच्या या रजिस्टरांची छायाचित्रं आहेत. मागचा काळ लागला की माँट्रियल विद्यापीठाचा पीआरडीएच हा क्यूबेकच्या जुन्या चर्चनोंदींचा डेटाबेस बघा. 1679 पासून रजिस्टरची दुसरी प्रत न्यायालयाकडे जायची, म्हणून चर्च जळालं तरी सगळं गेलं असं समजू नका.

सोनचाफा:
सापडलं! कामुरास्कातल्या सें-पास्कालची लग्ननोंद, दोघांच्या आईवडिलांसकट. सासूबाईंना वाचून दाखवली, त्यांनी आजीचं नाव पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. पण मधल्या एका ओळीत 'तिसऱ्या अंशाच्या रक्तसंबंधाची सूट' असं काहीसं लिहिलंय. म्हणजे?

गोदाकाठ:
वा, ताई! नात्यात लग्न, म्हणून चर्चची परवानगी घेतली होती. समाईक पूर्वजापासून पिढ्या मोजतात; तिसरा अंश म्हणजे दोघांचे पणजोबा-पणजी एकच. त्या भागात हे फार दिसतं. तेव्हा नवरा-बायको दोघांच्याही शाखा पणजोबांपर्यंत न्या, त्या एका जोडप्यापाशी मिळायला हव्यात. मिळाल्या नाहीत, तर मधली एखादी कडी चुकली आहे असं समजा आणि तिथूनच तपासायला लागा.