विषय: भाचीला फॉसडेमला नेऊ का?

नमस्कार मंडळी,

मी सध्या ठाण्यात नौपाड्याला आईकडे आहे, जानेवारीअखेर ब्रसेल्सला परत येतेय आणि येताना भाचीला सुट्टीसाठी सोबत आणतेय. ती नेरुळला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फॉसडेम म्हणजे ब्रसेल्समध्ये भरणारा ओपन सोर्सचा, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचा मेळावा. त्याबद्दल तिनं कॉलेजात ऐकलंय, तेव्हापासून रोज विचारते, मावशी आपण जायचं का म्हणून. ताई म्हणते हिला कोडिंग जेमतेम येतं, तिथे जाऊन काय करणार, तिथल्या भाषणांचे व्हिडिओ तर नंतर नेटवर येतातच. तिकीट कुठे काढायचं? आणि कोडिंग न येणाऱ्याला खरंच काही उपयोग होतो का? कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा.

---

अगं, तिकीट नाहीच आहे. नावनोंदणीसुद्धा नाही. ब्रसेल्सच्या यूएलबी विद्यापीठाच्या सोलबॉश कॅम्पसवर शनिवार-रविवार असतं, सरळ आत जायचं, २००१ पासून हे होतंय आणि हजारो लोक येतात. मी तिकडे होतो तोवर जात होतो, आता वाशीला परत आलो तरी रेकॉर्डिंग बघतो.

व्हिडिओचं तुझी ताई बरोबर बोलतेय, आणि म्हणूनच भाषणांच्या मागे धावू नका. छोट्या खोल्या लगेच भरतात, दारावर फुल्लची पाटी लागली की आत घेत नाहीत, मग पोरं कॉरिडॉरमध्ये ताटकळतात आणि अर्धा दिवस जातो. दोन-तीन भाषणं ठरवा, बाकी वेळ वेगवेगळ्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या स्टॉलवर घालवा. तिथे टेबलामागे उभा असलेला माणूस सेल्समन नसतो, तो स्वतः त्या प्रोजेक्टवर काम करणारा असतो, त्याला थेट विचारता येतं की तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीचं काय अडलंय, मी काय करू. हे व्हिडिओत मिळत नाही.

फक्त तिनं रिकाम्या हाताने जाऊ नये. आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची साईट उघड, ल आणि श बघ, हिंदी वळणाचे दिसतात ना? मला दरवर्षी ते खटकतं. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात, पण पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं लिहिलं नसेल तर ब्राउझरला कळणार कसं, तो आपलं नेहमीचं वळण दाखवतो. इथे वाशीत एका छोट्या मीटअपला एका मुलीनं लॅपटॉपवर अशाच एका पानाच्या पहिल्या ओळीत भाषेचा कोड ईएन (इंग्रजी) होता तो एमआर (मराठी) केला, पान रिफ्रेश केलं, आणि सगळे ल आपल्या वळणाचे झाले! कोडिंग म्हणावं तर एवढंच. आणि फॉन्टमध्येच मराठी वळण नसेल तर त्या प्रोजेक्टला बग रिपोर्ट टाकायचा, म्हणजे चूक लिहून कळवायची, खुल्या लायसन्सचा फॉन्ट असेल तर दुसरं कुणीही ते वळण भरू शकतं, कंपनीच्या मर्जीवर बसावं लागत नाही. माझ्या मते ओपन सोर्सचं मोल आपल्यासारख्या भाषेला इथेच जास्त आहे.

आणखी एक, मोझिलाचा कॉमन व्हॉइस म्हणून लोकांचे आवाज गोळा करणारा प्रकल्प आहे, त्यावर मराठी आहे, वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची आणि दुसऱ्यांची ऐकून बरोबर की चूक ते सांगायचं, तुझ्या आईलाही जमेल. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर जागेचं मराठी नाव वेगळं भरता येतं, नेरुळ स्टेशन ते कॉलेज एवढा पट्टा तिनं निघण्याआधी तपासला तरी स्टॉलवर बोलायला विषय मिळेल.

ती भारतात परत आल्यावर हे सुटू नये असंही बघ. फॉस युनायटेड या इथल्या ओपन सोर्सवाल्यांच्या संस्थेचे मेळावे मुंबईत होतात, त्यांचं मोठं इंडियाफॉस बंगळुरूला असतं, आणि डेबियन या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांची जागतिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीला झाली होती. म्हणजे यासाठी दरवेळी युरोप गाठायची गरज नाही.

व्हिसाचं मात्र आजच बघ, त्याला वेळ लागतो.

---

काका, खूप खूप आभार! मेल तिला वाचायला दिला तर तिनं तिथेच बसून अंकाच्या पानाचा कोड उघडला, भाषेच्या जागी ईएन आहे. फॉन्ट कुठला आहे तेही तिनं शोधलंय, खुल्या लायसन्सचाच निघाला. सध्या साईट कोण सांभाळतंय? ॲक्सेस नको, तिनं बदल लिहून ठेवलाय तेवढा बघून टाकायचाय. आणि शनिवारी फॉसडेमला आमच्यासोबत कुणी येणार असेल तर कळवा, सकाळी लवकर पोचायचा विचार आहे.