विषय: नाताळ क्रूझ – शुक्रवारपर्यंत पैसे भरायचेत, भाऊजींच्या स्टँपचं काय करायचं?

धाकट्या वहिनी, केटी

मंडळी, गणपतीच्या गडबडीत घाईघाईने लिहितेय. उरलेले पैसे शुक्रवारपर्यंत भरले नाहीत तर केबिन सुटणार. सहल तीच, अण्णांनी पाठवलेल्या क्रूझच्या यादीतली पहिली: रविवार २० डिसेंबर, टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरातून सात रात्री. २३ ला रोआतान, २४ ला बेलीझ, २५ ला कोझुमेल, २७ ला सकाळी परत. आई-अप्पा १ डिसेंबरला सोलापूरहून निघतायत, दोघांचाही दहा वर्षांचा व्हिसा चालू आहे. अडलंय ते भाऊजींपाशी. एच-वन-बी (नोकरीची परवानगी) चालू, त्याच्या मंजुरीचा कागद आय-७९७ हातात, पण पासपोर्टावरचा व्हिसाचा स्टँप मे महिन्यात संपला. कुणी म्हणतं तीस दिवसांच्या आत परत आलं की चालतं, कुणी म्हणतं अजिबात जाऊ नका. नक्की काय ते सांगा.

आणि हो, आईंनी दोन किलो शेंगा चटणी करायला घेतलीय, त्यातली थोडी जहाजावर नेता येईल ना?

अण्णा, शुगरलँड

वहिनी, आधी बंदरांची यादी वाचा की. तीस दिवसांची जी सवलत म्हणतात तिचं नाव ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन, म्हणजे संपलेल्या स्टँपवरही अमेरिकेत परत येता येतं. एच-वन-बीवाल्याला ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. बहामाज, जमैका अशी शेजारची बेटं एफ आणि जे (विद्यार्थी, देवाणघेवाण) व्हिसावाल्यांना जास्तीची मिळतात, त्यातही क्युबा नाही. लोक विद्यार्थ्यांचा नियम ऐकतात आणि नोकरदाराला लावतात, तिथंच घोळ होतो. रोआतान होंडुरासमध्ये, बेलीझ हा स्वतंत्र देश. म्हणजे सातपैकी दोन दिवस सवलतीच्या बाहेर. बाहेरचं एक बंदर लागलं तरी पुरतं. भाऊजी जहाजातून उतरले नाहीत तरी काही फरक नाही, कारण जहाज तिथं जाऊन आलेलं असतं.

त्यापेक्षा सोमवार २१ ची पाच रात्रींची बघा: २३ ला प्रोग्रेसो, २४ ला कोझुमेल, दोन्ही मेक्सिको. २५ समुद्रात, २६ ला घरी.

खजिनदार

अण्णा, तुमचं बरोबर असेल, पण गट २० तारखेच्या जहाजावर धरलाय. आठ केबिन, सोळा माणसं. सोळामागे एक भाडं माफ, आणि ते मंडळाच्या खात्यात जाणार असं जूनच्या सभेत ठरलंय. वहिनींच्या दोन केबिन निघाल्या की सहाच उरतात, मग माफीही गेली आणि गटाचा दरही. आगाऊ रक्कम परत मिळण्याची मुदत संपलीय ते वेगळंच. पुढच्या वेळी यादी पाठवतानाच व्हिसाचं लिहीत जा.

अण्णा, शुगरलँड

यादीच्या खाली लिहिलं होतं, तिसऱ्या ओळीत. माफ झालेलं भाडं ज्याने फोनवर तीन-तीन तास घालवले त्याचं की मंडळाचं, हा विषय मी सभेतच काढीन, इथं नाही.

ताई, पर्लँड

अण्णांचं अमेरिकेच्या बाजूने बरोबर आहे, मेक्सिकोची बाजू राहिली. भारतीय पासपोर्टला मेक्सिको वेगळा व्हिसा मागत नाही तो अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर. स्टँप संपला की तो आधार जातो. शिवाय भाऊजींना अडवणारा माणूस इमिग्रेशनचा नसेल. तो परतीला भेटतो. जाताना अडवतो तो बंदरावरचा चेक-इनवाला. त्याच्यासमोर संपलेला स्टँप आणि एक कायद्याचा कागद ठेवला तर तो वरिष्ठाला बोलावणार, तोवर मागे दोनशे माणसांची रांग.

म्हणून पाच रात्रींचं ठरवलंत तरी जहाजकंपनीच्या कागदपत्र विभागाला आधी मेल टाका. त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहा: भारतीय पासपोर्ट, एच-वन-बी, स्टँप संपल्याची तारीख, फक्त मेक्सिकोची बंदरं. उत्तर लेखी घ्या, फोनवरचं ‘हो’ बंदरावर कामाला येत नाही. सोबत मूळ आय-७९७, चालू मुदतीच्या आय-९४ ची (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येतं त्या नोंदीची) छापील प्रत, शेवटच्या तीन पगारपत्रकांच्या प्रती. आणि मधल्या काळात भाऊजींनी नव्या स्टँपसाठी अर्ज केला असेल आणि तो पडून असेल किंवा नाकारला असेल, तर ही सवलत मिळतच नाही.

नाना, होटगी रोड, सोलापूर

फक्त चटणीबद्दल लिहितो. बऱ्याच जहाजांवर घरी केलेलं खाणं चढू देत नाहीत. चालतं ते कारखान्यात बंद केलेलं, न उघडलेलं, न नासणारं. उखळात कुटलेली चटणी स्टीलच्या डब्यात नेली तर ती स्कॅनरपाशी राहील आणि डबाही जाईल. नवी पेठेत कुठल्याही दुकानात २५० ग्रॅमची छापील पुडकी मिळतात. त्यावर उत्पादकाचं नाव, घटक, तारीख आणि अन्न परवान्याचा क्रमांक असतो. तशी चार घ्यावीत.

विमानात हातातल्या पिशवीत ठेवू नका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त भुकटी हातात असली की वेगळी तपासणी होते, आणि चटणी त्यांच्या लेखी भुकटीच. मोठ्या बॅगेत ठेवा. ह्यूस्टनला उतरल्यावर ‘खाण्याचं सामान आहे’ असं सांगून टाका. सांगितलं तर दोन मिनिटं जातात, लपवलं तर दंड.

माई, जुळे सोलापूर

नाना, पुडक्यातली चटणी मिक्सरची असते. शेंगदाण्याचं नुसतं पीठ. आमच्या ओळखीच्या दुकानात कुटलेली चटणी समोर व्हॅक्यूम करून देतात, ती का नाही चालणार? सील तर तेही असतंच की.

नाना, होटगी रोड, सोलापूर

माई, सील असतं, लेबल नसतं. तपासणारा फाडून चव घेणार नाही, तो छापील अक्षरं शोधतो. आणि कुटलेल्या चटणीला व्हॅक्यूम मानवत नाही. उखळात दाण्याचं तेल सुटतं म्हणून तर तिला तो ओलसरपणा असतो. पिशवीतली हवा ओढली की ते तेल दाबून बाहेर येतं, कडेच्या सीलमध्ये शिरतं आणि तिथंच चिकटपट्टी सुटते. आत राहते ती वीट. व्हॅक्यूम करायचीच असेल तर चटणी कुटून एक दिवस कागदावर पसरून ठेवा, लसूण नेहमीच्या निम्मा घाला, आणि पूर्ण न ओढता पाऊण हवा काढा. दुकानदार नाही म्हणतो, पण यंत्रावर बटण असतं.

कडक भाकरीचं उलट. तिला व्हॅक्यूम केलं की चुरा. ती गोल पत्र्याच्या डब्यात, मध्ये कागद, वर रिकामी जागा राहिली तर तिथे कापड दाबून. जहाजावर मात्र तीही पुडक्यातलीच.

माई, जुळे सोलापूर

लसूण निम्मा घातला तर ती सोलापूरची चटणी नव्हे. एवढंच.

सचिव

सूचना: ही यादी मंडळाच्या कामासाठी आहे. लसणाचं प्रमाण वैयक्तिक मेलवर ठरवावं. शिवाय संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी सभागृह अजून मिळालेलं नाही, त्यावर दहा दिवसांत एकही उत्तर नाही.

धाकट्या वहिनी, केटी

सचिव, सभागृहाचं बघते. पण पैसे शुक्रवारी भरायचेत हो.

अण्णा, अजून एक. अप्पांच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा आहे, संपूर्ण नाव एकाच ओळीत. जहाजाच्या फॉर्मवर दोन्ही रकाने भरल्याशिवाय पुढे जात नाही. आडनाव म्हणून घरचं लिहू का?

अण्णा, शुगरलँड

मुळीच नाही. व्हिसाचा कागद समोर ठेवा. पासपोर्टात एकच नाव असलं की अमेरिकेच्या व्हिसावर ते आडनावात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) छापतात. फॉर्म अगदी तसाच भरा. विमानाचं तिकीट वेगळ्या पद्धतीनं काढलं असेल तर तेही जुळवून घ्या, कारण बंदरावर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास शेजारी-शेजारी धरतात. घरचं आडनाव घातलंत तर नाव दुरुस्त करायला चेक-इनच्या दिवशी खिडकीवर उभं राहावं लागेल.

केबिन मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घ्या. डिसेंबरात उत्तरेकडून थंड वारा सुटला की आखात खवळतं, आणि पुढच्या टोकाला ते सगळ्यात जास्त जाणवतं. बाल्कनीचे जादा पैसे आई-अप्पांसाठी घालू नका, त्या वाऱ्यात कुणी बसत नाही. लिफ्टपासून चार दारं लांब, पण अगदी समोर नको.

जेवणाची ठरावीक वेळ घ्या, ‘केव्हाही या’ नको. ठरावीक टेबलाला वाढपी रोज तोच असतो. पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला बोलावून सांगा: भारतीय शाकाहारी, अंडं नाही. मग तो दुसऱ्या दिवशीचं आदल्या रात्री विचारून ठेवतो. ऐनवेळी मागितलं तर बटाटा आणि पास्ता येईल. २५ च्या रात्रीची मागणी २४ लाच द्या, नाताळच्या जेवणाला स्वयंपाकघरात बाकी काही सुचत नाही. बक्षिसीचे माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर बिलात आपोआप लागतात, ते हिशेबात धरा, नाहीतर खजिनदार पुन्हा माझ्यावर येतील.

काय नेऊ नये: इस्त्री, किटली, पाणी तापवायची कॉइल, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती. आईंच्या देवपूजेला सेलवरची पणती द्या. खोलीचं दार आणि भिंती पोलादाच्या असतात, त्यामुळे तोरण आणि मुलांचे नाताळचे तारे चुंबकाच्या हुकांनी लावा, चिकटपट्टी नको. विजेच्या माळा घरीच राहू द्या.

ताई, पर्लँड

औषधं हातातल्या पिशवीत, पूर्ण सात दिवसांची अधिक तीन दिवसांची. दारात दिलेली बॅग केबिनमध्ये कधी कधी संध्याकाळी सातला येते, तोवर दुपारची गोळी बॅगेतच. अप्पांचं इन्शुलिन केबिनच्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवू नका, तो पेयं गार ठेवायचा असतो, त्याचं तापमान एकसारखं राहत नाही. बुकिंगवर ‘मेडिकल फ्रिज’ लिहून मागा, सुयांसाठी डबाही देतात.

विमा नुसता ‘व्हिजिटर’ आहे असं म्हणून थांबू नका. अमेरिकेपुरता असेल तर समुद्रात आणि कोझुमेलमध्ये उपयोग नाही. जहाजावरचा डॉक्टर पैसे खात्यावर लावतो, तुम्ही नंतर विम्याकडून मागायचे. हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर न्यावं लागलं तर खर्च फार मोठा, म्हणून ‘इव्हॅक्युएशन’ हा शब्द पॉलिसीत शोधा आणि जुन्या आजाराची अट वाचा. उलट्यांची साथ आली तर सॅनिटायझरवर भरवसा नको, नोरोव्हायरस त्याला फारसा दाद देत नाही. साबण आणि पाणी.

आणखी एक, कारण हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच: क्रूझवरून परत आलं की आई-अप्पांना नवे सहा महिने मिळत नाहीत. सहसा जुन्याच आय-९४ वर परत घेतात. २६ ला घरी आलात की संकेतस्थळावर दोघांची तारीख बघून ठेवा. चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या.

खजिनदार

मग ठरलं काय? गट फुटणार का?

अण्णा, शुगरलँड

फुटू द्या. बाकी सहा केबिनवाल्यांपैकी दोन ग्रीन कार्डवाले आहेत, त्यांना अडचण नाही. चौघांनी आपापला स्टँप आज रात्री उघडून बघा.

राहिलं धुक्याचं. हिवाळ्यात आखातावरची दमट गरम हवा किनाऱ्याजवळच्या गार पाण्यावर आली की दाट धुकं उतरतं आणि बंदराचे पायलट जहाज आत घेत नाहीत. परतीला सकाळची दुपार, कधी त्याहून उशीर. त्या दिवशीचं विमान कुणीही काढू नका. आई-अप्पांची परत जायची तारीख जानेवारीतली आहे, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेआधी पोचायचंय हे माहितीय, म्हणून ते विमान १० च्या आधीचंच ठेवा, संक्रांतीच्या तोंडावरचं नको.

घड्याळ: कोझुमेलला फोन आपोआप एक तास पुढे जातो, प्रोग्रेसोला नाही. तुम्ही जहाजाच्या वेळेवर चाला, साधं मनगटी घड्याळ त्यालाच लावून ठेवा. आणि फोन बंदर सोडताच विमान मोडवर, नाहीतर समुद्रावरचं नेटवर्क पकडतो आणि बिल वेगळं येतं. सोलापूरला फोन करायचा तर तिथून साडेअकरा तास पुढे, म्हणजे २५ च्या सकाळी नऊला करा, तिकडे रात्रीचे साडेआठ.

माई, जुळे सोलापूर

प्रोग्रेसोचा धक्का फार लांब आहे म्हणतात, अप्पांना चालायला जमेल का?

अण्णा, शुगरलँड

माई, धक्का साडेसहा किलोमीटर आहे, चालत कुणी जात नाही. बस असते, गावात सोडते. बेलीझपेक्षा बरं. तिथं जहाज लांब समुद्रात उभं राहतं आणि छोट्या बोटीत उतरावं लागतं. लाटांवर बोट वर-खाली होताना गुडघ्याचं माणूस अडकतं. बोर्डिंगच्या दिवशी मस्टर ड्रिल (आणीबाणीची कवायत) सगळ्यांनाच आहे, त्यासाठी अप्पांनी जिन्यावर घाई करू नये.

धाकट्या वहिनी, केटी

ठरलं. मेल टाकलाय, कागदपत्र विभागाकडून उद्यापर्यंत उत्तर येईल असं म्हणाले. लेखी ‘हो’ आलं तर २१ ची, पाच रात्री, मधल्या भागातल्या दोन केबिन. नाही आलं तर भाऊजी घरी, आणि आम्ही बाकीचे २० च्या जहाजावर, म्हणजे खजिनदारांच्या आठ केबिन तरी कायम. अप्पांचं नाव व्हिसाप्रमाणे भरते.

माई, आईंना सांगा, कुटलेली चटणी निम्म्या लसणाची नव्हे, पूर्ण लसणाची, दोन किलोच करा. ती केटीच्या घरात खायची. जहाजासाठी नानांची चार पुडकी, लेबल वर करून.

सचिव

संक्रांतीचं सभागृह?